क्रॉनची ओळ वाचून जॉबची पुढची वेळ काढणारा कोड स्वतः लिहिताना

एका प्रोजेक्टमध्ये दर महिन्याच्या १ तारखेला रात्री साडेबाराला मागच्या महिन्याची स्टेटमेंट तयार करणारा जॉब होता. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर. कुणीतरी साडेबारातून साडेपाच तास वजा केले, उत्तर आलं संध्याकाळचे सात, आणि क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ओळ पडली (रकाने क्रमानं मिनिट, तास, तारीख, महिना, वार; तारा म्हणजे कुठलाही):

```
० १९ १ * *
```

तासांचा हिशेब बरोबर होता. पण यूटीसीत १ तारखेला १९ वाजतात तेव्हा आपल्याकडे २ तारखेची रात्र सुरू झालेली असते. स्टेटमेंट दर महिन्याला नेमकी एक दिवस उशिरा निघत होती. मी दुरुस्त करायला बसले तेव्हा लक्षात आलं की ही वेळ यूटीसीत एका ओळीत लिहिताच येत नाही. आपल्याला हवा असलेला क्षण तिथे आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी पडतो, आणि तो दिवस कधी २८, कधी ३१. पाच रकान्यांच्या साध्या क्रॉनमध्ये ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ म्हणायला चिन्हच नाही.

तेव्हापासून एक गोष्ट मी पक्की धरून चालते. वेळापत्रक बोलतं ते भिंतीवरच्या घड्याळाची आणि कॅलेंडरची भाषा. सर्व्हर मोजतो ते क्षण. ओळ वाचणं, तिच्यात बसणारी भिंतीवरची वेळ शोधणं आणि त्या वेळेचा क्षण काढणं ही तीन निराळी कामं आहेत. ती एकाच फंक्शनमध्ये कालवली की असे बग येतात आणि वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाहीत. या लेखात ती तिन्ही एकेक करून लिहू. भाषा कुठलीही असो, पायऱ्या याच राहतात, म्हणून कोड मराठीत मांडला आहे.

एक सूचना आधीच: इथे ओळी देवनागरी आकड्यांत छापल्या आहेत, खऱ्या फाइलीत इंग्रजी आकडे लागतात. हा मुद्दा आपल्यासाठी किरकोळ नाही. पायथनमध्ये आकड्याचं रूपांतर करणारं फंक्शन ‘१५’ हा देवनागरी मजकूरही निमूटपणे पंधरा म्हणून घेतं, आणि पायथन ३ च्या रेगेक्समधलं अंकाचं चिन्हही देवनागरी अंकांना जुळतं. जावास्क्रिप्टमध्ये तसं होत नाही. फॉर्मवर कुणी मराठी कीबोर्डनं ओळ भरली, तर बॅकएंड ती स्वीकारेल आणि ब्राउझर नाकारेल. दोन्हीकडे एकच नियम ठेवा.

आधी बोली ठरवा

‘क्रॉन’ या नावाखाली बऱ्याच बोली नांदतात. क्रॉन १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये होतं, आणि आज लिनक्सवर जे वळण रूढ आहे ते पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनचं. त्यात पाच रकाने: मिनिट ० ते ५९, तास ० ते २३, तारीख १ ते ३१, महिना १ ते १२, वार ० ते ७. वारात ० आणि ७ दोन्ही रविवार.

जावाच्या जगातलं क्वार्ट्झ सेकंदापासून सुरुवात करतं, म्हणजे सहा रकाने, आणि हवा तर सातवा वर्षाचा. तिथे रविवार म्हणजे १. अ‍ॅमेझॉनच्या इव्हेंटब्रिजमध्ये सहा रकाने असतात, पण सहावा वर्षाचा. रविवार तिथेही १. त्यामुळे वाराच्या रकान्यातलं ‘१-५’ लिनक्सवर सोमवार ते शुक्रवार असतं, तर क्वार्ट्झमध्ये रविवार ते गुरुवार. वाराचा रकाना तसाच उचलून दुसरीकडे चिकटवला तर एररही येत नाही, फक्त शुक्रवारऐवजी रविवारी जॉब चालतो.

प्रोग्रॅमिंग भाषांचेही आपापले आकडे आहेत. जावास्क्रिप्ट रविवारला ० म्हणते, पायथनचं साधं वार-फंक्शन सोमवारला ० म्हणतं, जावा सोमवारला १. पायथनमधली एपीशेड्यूलर ही लायब्ररीसुद्धा वाराच्या आकड्यात सोमवारला ० धरते. कोडमध्ये वार जिथे येतो, तिथे तो तुमच्या बोलीच्या आकड्यात बदलणारं एकच छोटं फंक्शन ठेवा आणि दुसरीकडे कुठेही वार काढू नका.

आपण विक्सीचं पाच रकान्यांचं वळण घेऊ.

पहिलं काम: ओळ वाचणं

ओळीचे मोकळ्या जागेवर तुकडे करा. पाचच निघाले पाहिजेत. कमी-जास्त असतील तर तिथेच थांबा. मग प्रत्येक रकान्यातून ‘कुठले आकडे चालतील’ याचा संच काढायचा:

```
रकाना_वाच(मजकूर, किमान, कमाल):
    निकाल = रिकामा संच
    स्वल्पविरामावर तुकडे करा; प्रत्येक तुकड्यासाठी:
        तुकडा रिकामा असेल → एरर
        '/' असेल → डावा भाग आणि पाऊल वेगळे करा
        '/' नसेल → पाऊल = १
        पाऊल १ पेक्षा लहान → एरर
        डावा भाग '*' असेल → पासून = किमान, पर्यंत = कमाल
        डाव्या भागात '-' असेल → दोन बाजूंचे दोन आकडे
        नुसता आकडा आणि '/' नाही → पासून = पर्यंत = तो आकडा
        यांपैकी काहीच नाही → एरर
        पासून < किमान किंवा पर्यंत > कमाल → एरर
        पासून > पर्यंत → एरर
        पासून ते पर्यंत, पावला-पावलानं, आकडे निकालात टाका
    निकाल परत द्या
```

पाऊल शून्य आहे का ही तपासणी विसरू नका. ‘*/०’ आलं की आतला लूप जागच्या जागी फिरत राहतो, आणि ओळ वापरकर्त्याकडून येत असेल तर एका फॉर्मवरून अख्खा सर्व्हर बसतो.

‘५/१५’ असं लिहिलं तर काय? क्वार्ट्झ आणि काही लायब्रऱ्या त्याचा अर्थ ‘५ पासून शेवटपर्यंत दर १५’ असा घेतात. विक्सीच्या वळणात पाऊल येतं ते ताऱ्याच्या किंवा पल्ल्याच्या (‘५-५९’ सारख्या) मागे. वरच्या कोडमध्ये मी ते नाकारलं आहे, आणि एररमध्ये ‘५-५९/१५ असं लिहा’ असं सुचवते. तसंच ‘२२-२’ या उलट्या पल्ल्याचं: रात्री दहा ते दोन हा हेतू कळतो, पण गुपचूप स्वीकारण्यापेक्षा ‘२२-२३,०-२’ असं लिहायला लावणं मला बरं वाटतं. एररमध्ये रकान्याचं नाव आणि चुकलेला तुकडा दोन्ही असू द्या. ‘चुकीची ओळ’ एवढंच सांगणारी एरर निम्मं काम वापरकर्त्यावर ढकलते.

वाराच्या रकान्यात एक जागा हमखास चुकते. ७ म्हणजे रविवार, म्हणून बरेच जण आधी ७ चं ० करतात आणि मग पल्ला उलगडतात. मग ‘५-७’, म्हणजे शुक्रवार ते रविवार, होतं ‘५-०’ आणि उलटा पल्ला म्हणून फेटाळलं जातं. आधी ० ते ७ मध्ये पल्ला उलगडा, मग संचात ७ असेल तर त्याचं ० करा.

संच साठवायला एक पूर्णांक पुरतो. मिनिटं साठ, म्हणजे ६४ बिटांच्या आकड्यात सगळी मावतात. आकडा चालत असेल तर त्या क्रमांकाचा बिट १. गो भाषेतली रॉबफिग यांची क्रॉन लायब्ररी हेच करते, आणि ‘इथे तारा होता’ ही खूण सर्वात वरच्या बिटात ठेवते. साधा संच वापरला तरी काही बिघडत नाही. ताऱ्याची खूण मात्र कुठेतरी ठेवावीच लागते, कारण लगेच पुढे ती लागणार आहे.

त्याआधी पावलाबद्दल एक. ‘*/७’ म्हणजे दर सात मिनिटांनी नव्हे. त्याचा अर्थ ०, ७, १४ करत ५६, आणि पुढच्या तासाला पुन्हा ०. छप्पन्नपासून शून्यापर्यंत चारच मिनिटं. ‘*/४५’ तर ० आणि ४५, म्हणजे एकदा ४५ मिनिटांनी, एकदा १५. तारखेच्या रकान्यात ‘*/२’ टाकलं की ३१ तारखेला चालतं आणि लगेच दुसऱ्या दिवशी १ तारखेलाही. खरोखर ‘दर ९० मिनिटांनी’ हवं असेल तर ते क्रॉनचं काम नाही. त्यासाठी एक सुरुवातीचा क्षण आणि एक अंतर साठवा आणि त्याचा हिशेब निराळा ठेवा.

तारीख आणि वार: ‘आणि’ की ‘किंवा’

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अनुभवी मंडळीही इथे फसतात. ‘दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊला’ यासाठी लोक असं लिहितात:

```
० ९ १-७ * १
```

वाचायला सरळ वाटतं: १ ते ७ मधली तारीख, आणि सोमवार. पण विक्सीच्या वळणात तारीख आणि वार या दोन्ही रकान्यांवर बंधन असेल, तर दोहोंपैकी एक बसलं तरी जॉब चालतो. फेब्रुवारी २०२६ घ्या. सोमवार आहेत २, ९, १६ आणि २३ ला. वरची ओळ १ ते ७ अशी सातही दिवस चालेल, शिवाय ९, १६, २३ ला. एकदा हवं होतं, दहा वेळा चालेल.

दोहोंपैकी एका रकान्यात नुसता तारा असेल तर अर्थात दुसऱ्याचंच बंधन लागू होतं. खरी मेख ‘तारा आहे’ याच्या व्याख्येत आहे. विक्सीचा कोड रकान्याचं फक्त पहिलं अक्षर पाहतो. म्हणून ‘*/२’ हाही ‘तारा’च ठरतो. ‘० ० */२ * १’ म्हणजे विषम तारीख आणि सोमवार. तेच ‘० ० १-३१/२ * १’ असं लिहिलं की विषम तारीख किंवा सोमवार. दोन्ही ओळींमधल्या तारखांचा संच अगदी एकच, अर्थ वेगळा. त्यामुळे संच बनवून मूळ मजकूर फेकून दिला तर हा फरक परत काढता येत नाही.

```
दिवस_बसतो(नियम, दिनांक):
    त = दिनांकाची तारीख नियम.तारखा मध्ये आहे का
    वा = दिनांकाचा वार नियम.वार मध्ये आहे का
    नियम.तारखेला_तारा किंवा नियम.वाराला_तारा असेल → त आणि वा
    नाहीतर → त किंवा वा
```

सगळ्या लायब्रऱ्या पहिल्या अक्षराचा हा बारकावा पाळत नाहीत. तुम्ही स्क्रीनवर ‘पुढची वेळ’ दाखवणार आणि जॉब प्रत्यक्षात चालवणार लिनक्सचं क्रॉन, अशी रचना असेल तर तो पाळलाच पाहिजे. नाहीतर स्क्रीन एक दाखवेल आणि सर्व्हर दुसरंच करेल. पहिला सोमवार खरोखर हवा असेल तर ‘० ९ १-७ * *’ लावा आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत आज सोमवार आहे का ते तपासा. क्वार्ट्झमध्ये ‘महिन्यातला कितवा वार’ यासाठी वेगळं चिन्ह आहे, तिथे हा त्रास नाही.

दुसरं काम: पुढची वेळ शोधणं

सगळ्यात सोपी रीत म्हणजे एकेक मिनिट पुढे जायचं आणि बसतं का पाहायचं. उत्तर बरोबर येतं. पण २९ फेब्रुवारीचा जॉब घ्या. २१०० हे लीप वर्ष नाही, म्हणून २०९६ नंतरची २९ फेब्रुवारी थेट २१०४ मध्ये येते. मिनिट-मिनिट चालत गेलात तर सुमारे ४२ लाख पावलं. त्याऐवजी मोठ्या रकान्यापासून सुरू करायचं, आणि जो बसत नाही तो एका उडीत ओलांडायचा:

```
पुढची_वेळ(नियम, नंतर):
    व = नंतर + १ मिनिट, सेकंद शून्य
    शेवट = व चं वर्ष + ५०
    जोवर व चं वर्ष <= शेवट:
        महिना बसत नाही → व = पुढच्या महिन्याची १ तारीख ००:००, पुन्हा वरून
        दिवस बसत नाही → व = दुसरा दिवस ००:००, पुन्हा वरून
        तास बसत नाही → व = पुढचा तास, मिनिट ००, पुन्हा वरून
        मिनिट बसत नाही → व = पुढचं मिनिट, पुन्हा वरून
        सगळं बसलं → व परत द्या
    'कधीच नाही' परत द्या
```

इथे ‘व’ ही टाइमझोन नसलेली, नुसती भिंतीवरची वेळ आहे. हे मुद्दाम केलं आहे.

एक उदाहरण हातानं करून पाहू. ओळ आहे ‘*/२० ९-१७ * * १-५’, आणि आत्ता शुक्रवार, ३० जानेवारी २०२६, संध्याकाळचे ५:४५ झालेत. सुरुवात १७:४६ पासून. महिना बसतो, शुक्रवार बसतो, १७ तास बसतो, पण मिनिटं आहेत ०, २०, ४०. चौदा पावलांत १८:०० येतात. तास बसत नाही. १९, २० करत सहा उड्यांत शनिवार ३१ तारखेचे ००:००. शनिवार नाही, एक उडी. रविवार १ फेब्रुवारी, तोही नाही, आणखी एक. सोमवार २ फेब्रुवारी ००:००. नऊ उड्यांत ०९:००, मिनिट शून्य, सगळं बसलं. एकूण ३१ पावलं. मिनिट-मिनिट गेलो असतो तर ३,७९४.

प्रत्येक उडीनंतर ‘पुन्हा वरून’ तपासायचं हे सोडू नका. मिनिट पुढे सरकलं की तास बदलू शकतो, तासानं दिवस, दिवसानं महिना. वरच्या उदाहरणातच शनिवार ओलांडताना महिना बदलला.

उडी मारताना खालचे रकाने शून्यावर आणायचे, आणि महिन्याची उडी मारताना आधी तारीख १ करायची. जावास्क्रिप्टमध्ये ३१ जानेवारी २०२६ या तारखेचा नुसता महिना बदलून फेब्रुवारी केला, तर हाती ३ मार्च येतो. म्हणजे अख्खा फेब्रुवारी गिळला जातो, आणि हा बग फक्त महिन्याच्या २९, ३० आणि ३१ तारखेला दिसतो. शुक्रवारी दुपारी टेस्ट हिरव्या असतात, सोमवारी लाल.

शेवटची मर्यादा किती ठेवावी? ‘० ० ३० २ *’ ही ओळ वाचायला निर्दोष आहे, पण ३० फेब्रुवारी कधीच येत नाही, म्हणून मर्यादा नसेल तर लूप संपत नाही. रॉबफिगची लायब्ररी पाच वर्षं पुढे पाहून थांबते. बहुतेक ओळींना ते पुरतं, पण २०९६ ते २१०४ हा टप्पा तिला ओलांडता येत नाही. तारीख आणि वार दोन्ही ‘आणि’नं जोडले गेले तर २९ फेब्रुवारी ठरावीक वारी यायला सहसा २८ वर्षं लागतात, आणि २१०० सारखं वर्ष मध्ये आलं तर ४० सुद्धा. म्हणून मी ५० धरते. महिन्यांच्या आणि फेब्रुवारीतल्या दिवसांच्या उड्या धरून पन्नास वर्षं म्हणजे दोनेक हजार पावलं, त्याचा भार काहीच नाही. ‘कधीच नाही’ हे उत्तर ओळ सेव्ह करतानाच वापरकर्त्याला दाखवा.

‘३० २ ३१ * *’ ही ओळ मात्र वैध आहे, फक्त ३१ दिवसांच्या महिन्यांतच चालते. ३१ जानेवारीनंतर तिची पुढची वेळ ३१ मार्च. ‘महिनाअखेर’ समजून ३१ लिहिणारे पुष्कळ भेटतात, त्यांना सावध करणारी एक सूचना फॉर्मवर असू द्या.

आणि या फंक्शनच्या आत ‘आत्ताची वेळ’ विचारू नका. ‘नंतर’ बाहेरून द्या. मग टेस्टमध्ये घड्याळ थांबवायची कसरत करावी लागत नाही.

तिसरं काम: भिंतीवरच्या वेळेचा क्षण

सुरुवातीच्या स्टेटमेंटचं दुखणं आता सुटतं. ओळीसोबत टाइमझोनचं नाव साठवा: ‘आशिया/कोलकाता’. ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचं तासा-मिनिटांचं अंतर, साठवू नका. मग ओळ जशी माणूस बोलतो तशीच राहते, ‘३० ० १ * *’, आणि क्षणात बदलणं हे कोडचं काम. शोध भारतीय भिंतीवर होतो, म्हणून महिनाअखेरचा प्रश्नच उठत नाही. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसच्या क्रॉनजॉबमध्येही टाइमझोनचा रकाना आहे, तो १.२७ या आवृत्तीत पक्का झाला.

भारतात १९४५ नंतर ऑफसेट बदललेला नाही, त्यामुळे इथल्या जॉबना एवढं पुरतं. पण पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या लोकांसाठी काम करणाऱ्यांना माहीत आहे की न्यूयॉर्कचे सकाळचे ९ कधी आपल्याकडे संध्याकाळी ६:३० ला येतात, कधी ७:३० ला. तिथे वर्षातून दोन दिवस असे येतात की भिंतीवरच्या वेळेला एकच क्षण असेल याची खात्री नसते.

८ मार्च २०२६, रविवार. न्यूयॉर्कमध्ये पहाटे २ वाजता घड्याळ थेट ३ वर जातं. ‘३० २ * * *’ या जॉबची वेळ त्या दिवशी भिंतीवर येतच नाही. १ नोव्हेंबर २०२६, पुन्हा रविवार. २ वाजता घड्याळ १ वर येतं, आणि दीड दोनदा वाजतो.

दिवस गाळायचा की नंतर चालवायचा, एकदा की दोनदा, याचं गणिती उत्तर नाही, ते ठरवावं लागतं. डेबियनवरचं क्रॉन ठरावीक वेळेच्या जॉबला अशी वागणूक देतं: हरवलेल्या वेळेतला जॉब घड्याळ उडी मारल्यावर लगेच चालवतं, आणि परत आलेल्या तासात तो दुसऱ्यांदा चालवत नाही. जावाच्या टाइमझोनसह तारखेत २:३० घातले तर ती स्वतःहून ३:३० करते. पायथनच्या झोनइन्फो या टाइमझोन लायब्ररीत हरवलेली वेळ तशीच स्वीकारली जाते, तक्रार होत नाही. ती यूटीसीत नेऊन परत आणा. परत आलेली वेळ वेगळी असेल तर ती भिंतीवर नव्हतीच असं समजा. २:३० गेलं तर ३:३० परत येतं.

दर पंधरा मिनिटांच्या जॉबचं दुखणं निराळं आहे. नोव्हेंबरच्या त्या रात्री पहिल्यांदा १:४५ वाजले. भिंतीवरची पुढची वेळ २:००. पण भिंतीवर २:०० वाजायच्या आधी १:०० ते २:०० हा तास पुन्हा येणार आहे. कोड २:०० चा क्षण काढून झोपतो, सव्वा तासानं उठतो, आणि मधल्या चार फेऱ्या हरवतात. रांग उपसणारा जॉब असेल तर त्या तासात रांग साचते.

यावर मला सापडलेली स्वच्छ रीत अशी: काळाचे ऑफसेट न बदलणारे पट्टे करा. एका पट्ट्यात भिंतीवरची वेळ आणि क्षण यांची जोडी एकास एक असते, तिथे कसलाही घोळ नाही.

```
पुढचा_क्षण(नियम, झोन, नंतर):
    ऑ = नंतर या क्षणी झोनचा ऑफसेट
    सांधा = नंतर पुढचा ऑफसेट-बदलाचा क्षण (नसेल तर अनंत)
    व = पुढची_वेळ(नियम, नंतर ची भिंतवेळ)
    व 'कधीच नाही' असेल → तेच परत द्या
    क = व चा क्षण, ऑ धरून
    क < सांधा → क परत द्या
    नियम ठरावीक तासाचा आणि व हरवलेल्या वेळेत → सांधा परत द्या
    नाहीतर सांध्यापासून, नव्या ऑफसेटनं, तोच शोध पुन्हा
       (सांध्याचं मिनिट धरून)
       (ठरावीक तासाचा नियम असेल तर परत आलेला तास वगळून)
```

‘ठरावीक तासाचा’ म्हणजे तासाच्या रकान्यात तारा नाही असा. पुढचा सांधा जावामध्ये थेट विचारता येतो. पायथनमध्ये तशी सोय नाही, पण दोन क्षणांचे ऑफसेट वेगळे आले की मध्ये द्विभाजन करून, म्हणजे अंतर पुन्हा पुन्हा निम्मं करत, सांधा हुडकता येतो. आणखी एक पायथनचं: एकाच झोनमधल्या दोन वेळांची तुलना किंवा वजाबाकी ती भिंतीवरच्या आकड्यांवर करते, क्षणांवर नाही. तुलना करण्याआधी दोन्ही यूटीसीत न्या.

देश हे नियम बदलतात. ब्राझीलनं २०१९ मध्ये घड्याळं पुढे-मागे करणं बंद केलं. सामोआनं २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच गाळला. म्हणून वर्षभराचे क्षण आधीच काढून डेटाबेसमध्ये भरून ठेवू नका. ओळ आणि झोन साठवा, पुढचा एकच क्षण काढा, आणि सर्व्हरवरचा टाइमझोनचा डेटा अद्ययावत ठेवा.

जॉब प्रत्यक्ष चालवताना

पुढचा क्षण काढला, तोवर झोपलो, उठून जॉब चालवला, आणि ‘आत्ता’पासून पुन्हा पुढचा काढला. यात एक बारीक फट आहे. टायमर कधीकधी काही मिलिसेकंद आधी उठवतो. ०८:५९:५९ आणि थोडं वर असताना जॉब सुरू झाला आणि चुटकीसरशी संपला, तर पुढची वेळ पुन्हा ९:०० च निघते आणि तोच जॉब दोनदा चालतो. म्हणून पुढची वेळ ‘आत्ता’पासून काढू नका, नुकत्याच झालेल्या फेरीच्या ठरलेल्या वेळेपासून काढा.

जावास्क्रिप्टच्या टायमरला २१४,७४,८३,६४७ मिलिसेकंदांची, म्हणजे जेमतेम २४.८ दिवसांची मर्यादा आहे. त्यापेक्षा लांबची वेळ दिली की तो थांबतच नाही, लगेच चालतो. मासिक जॉबसाठी हे भलतंच महागात पडतं. जास्तीत जास्त एखादा तास झोपा, उठून वेळ झाली का पाहा, नसेल तर पुन्हा झोपा. सर्व्हरचं घड्याळ मध्येच दुरुस्त झालं तरी याच सवयीनं निभावतं.

सर्व्हर बंद असताना चुकलेल्या फेऱ्यांचं काय करायचं हे जॉबगणिक ठरतं. स्टेटमेंट चुकलं तर ते नंतर निघायलाच हवं. ‘डिस्क भरली का’ ही तपासणी सहा वेळा चुकली तर एकदा केली की पुरे. फेरीची नोंद ठेवताना जॉबचं नाव आणि ठरलेली वेळ मिळून एक अनन्य की करा. दोन सर्व्हरनी एकच फेरी उचलली तर डेटाबेसच दुसऱ्याला अडवतो. जॉबच्या आतही मागचा महिना ठरवताना ‘आज’ विचारू नका, ठरलेली वेळ वापरा. मग १ तारखेचा जॉब ३ तारखेला चालला तरी आकडे योग्य महिन्याचे येतात.

टेस्ट

मिनिट-मिनिट चालणारी ती संथ रीत फेकून देऊ नका, ती टेस्टमध्ये सोनं आहे. यादृच्छिक ओळी तयार करा, यादृच्छिक सुरुवात घ्या, आणि दोन्ही रीतींची उत्तरं ताडून पाहा. वर्षाची मिनिटं ५,२५,६००. एवढं तर टेस्ट सहज चालतं. माझे पल्ल्याचे आणि ताऱ्याचे बहुतेक बग याच ताडण्यातून सापडले.

शिवाय काही तारखा हातानं लिहून ठेवा: ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, ३१ डिसेंबर रात्री ११:५९, २९ फेब्रुवारी २०९६, न्यूयॉर्कच्या वरच्या दोन रात्री, लंडनच्या २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर २०२६ च्या रात्री. ऑस्ट्रेलियातल्या लॉर्ड हाउ बेटावर घड्याळ अर्ध्याच तासानं सरकतं. ‘बदल म्हणजे एक तास’ असं कुठे गृहीत धरलं असेल तर तिथे उघडं पडतं.

आणि फॉर्मवर ओळ सेव्ह करण्याआधी पुढच्या पाच वेळा दोन्ही घड्याळांत दाखवा. न्यूयॉर्कचा शेअर बाजार सकाळी ९:३० ला उघडतो, त्या वेळेचा जॉब समजा: ‘३० ९ * * १-५’, झोन ‘अमेरिका/न्यूयॉर्क’. ५ मार्च २०२६ च्या सकाळी पुण्यात बसून ही ओळ भरणाऱ्याला असं दिसेल:

```
गुरु  ५ मार्च    न्यूयॉर्क ०९:३०    भारत २०:००
शुक्र ६ मार्च    न्यूयॉर्क ०९:३०    भारत २०:००
सोम  ९ मार्च    न्यूयॉर्क ०९:३०    भारत १९:००
मंगळ १० मार्च   न्यूयॉर्क ०९:३०    भारत १९:००
बुध  ११ मार्च   न्यूयॉर्क ०९:३०    भारत १९:००
```